नाल कोण काढतो?



गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला आम्ही बैठकीसाठी गेलो होतो. तो मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे बांद्यांचा, तलावांचा आणि रोवणीचा. आपल्यासारखी पऱ्हाटी-ज्वारीची कोरडवाहू काळी रानं तिकडे नाहीत. पण पावसाची आणि भावाची धास्ती तीच आहे. धानाचा चुकारा, बोनस आणि खरेदी केंद्रावरचा बारदाना यावर दोन तास बोलणे झाले. बैठक उठली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तेव्हा पंचविशीतला एक पोरगा पुढे आला. हातात शाळेची दोनशे पानी वही. म्हणाला, "भाऊ, एक हिशोब पाहता काय?"

आम्हाला वाटले, धानाच्या खर्चाचा ताळा असेल. वही उघडली तर पत्त्यांचा हिशोब! मोबाईलवर पोकरच्या स्पर्धा खेळायच्या, छोट्या फीच्या, आणि हळूहळू भांडवल वाढवायचे. याला त्या धंद्यात 'बँकरोल' म्हणतात. तारीख, प्रवेश फी, किती खेळाडू, कितवा नंबर, बक्षीस किती, असे रकाने आखलेले. कृषी महाविद्यालयात असताना प्रयोगाच्या प्लॉटची नोंदवही आम्ही ठेवत होतो, तीही इतकी स्वच्छ नव्हती हे कबूल केले पाहिजे. "हा जुवा नोहे भाऊ," पोरगा म्हणाला, "कौशल्याचा खेळ आहे. पहिले हिशोब पहा, मग बोला."

आम्ही हिशोब पाहिला. आज जे लिहितो आहोत ते त्या वहीबद्दल. कारण अशी वही फक्त गोरेगावात आहे असे कोणी समजू नये. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कापूसपट्ट्यातही बाप कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या दारात रात्र काढतो आणि पोरगा खाटेवर पांघरुणात मोबाईल घेऊन हेच करतो. फरक एवढाच की आपल्याकडच्या पोरांनी वही ठेवलेली नसते.

वही काय सांगते

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने धानाच्या चुकाऱ्यातले २,००० रुपये टाकले. नियम कडक. जवळच्या रकमेच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षा जास्त फी एका स्पर्धेला द्यायची नाही. म्हणजे सुरुवातीला चाळीस रुपयांच्या वर जायचे नाही. अकरा महिन्यांत ४१२ स्पर्धा झाल्या. बहुतेक रकान्यांत बक्षीस शून्य. एका रात्री मात्र तिसरा नंबर आला, ९,४०० रुपये मिळाले आणि रक्कम १४,६०० वर गेली. जुलैत घरी रोवणीच्या मजुरीला पैसे हवे होते. त्याने ८,००० काढले. तीस टक्के प्राप्तिकर कापून हातात ६,२०० आले. उरलेल्या रकमेवर खेळताना फवारणीचा खर्च डोळ्यांपुढे आला, तेव्हा नियम मोडला आणि एका रात्रीत पाचशे रुपयांच्या स्पर्धा तीनदा खेळला. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, खेळ बंद झाला, उरलेले १,१५० रुपये कर कापून परत आले.

पोरगा तोट्यात नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण जुगाराविरुद्धच्या भाषणात नेहमी घर विकलेला माणूस उभा करतात आणि पोरे म्हणतात, आमचे तसे नाही. याचे खरेच तसे नाही. दोन हजार टाकले, सात हजार आणि वर पाच रुपये हातात आले. फायदा ५,००५ रुपये.

आता त्याच वहीचा दुसरा ताळा करू. रोज रात्री दोन तास धरले तर अकरा महिन्यांत सहाशे तास होतात. ताशी आठ रुपये पडले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे अकरा महिने रात्री जागून पोराने रोजगार हमीच्या सोळा दिवसांची मजुरी मिळवली. ती एक रात्र वहीतून वगळली, तर ते दोन हजार कधीच संपले असते.

हा गणितात हुशार, संयमी, नोंदी ठेवणाऱ्या पोराचा निकाल आहे. बाकीच्यांचा काय असेल ते वेगळे सांगायला नको.

नाल

गावात पोळ्याला पत्त्यांचा फड बसतो. ज्याच्या ओसरीवर बसतो, तो प्रत्येक डावामागे आपला हिस्सा बाजूला काढतो. त्याला आपण नाल म्हणतो. रात्रभर पत्ते पिसले जातात, कोणी जिंकतो, कोणी हरतो. पहाटे सगळ्यांचे खिसे हलके झालेले असतात आणि नालीचा डबा भरलेला असतो. ओसरीवाल्याने एकही पत्ता हातात धरलेला नसतो.

मोबाईलवरचा फड याहून वेगळा नाही. समजा शंभर रुपयांची स्पर्धा आहे आणि हजार जण खेळतात. एक लाख जमले. त्यातले दहा हजार ओसरीवाल्याची नाल. उरलेले नव्वद हजार दीडशे जणांत वाटायचे, तेही असे की पहिल्या दहा-बारांना मोठा वाटा आणि बाकीच्यांना फीच्या दीडपट-दुप्पट. साडेआठशे जण रिकाम्या हाताने झोपतात. सगळे सारख्याच तयारीचे असतील, तर प्रत्येकाचे शंभरामागे दहा रुपये नक्की जाणार. दहा गेल्यानंतर जो वर येईल, त्याचा फायदा.

पोरगा म्हणतो, आपण सगळ्यांसारखे नाही, शिकून खेळतो. मान्य. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे नाकारणारा माणूस तो खेळ जाणत नाही. समजा तो इतका चांगला आहे की सरासरी शंभरामागे वीस रुपये कमावतो. तरी पहिल्या नंबराची मोठी बक्षिसे इतक्या क्वचित येतात की अशा चांगल्या खेळाडूंमधलाही तीन-चारातला एक जण पाचशे स्पर्धांनंतर तोट्यात असू शकतो. हे आमचे ढोबळ गणित आहे. पण ज्याने पाच वर्षांचा पाऊस मोजला आहे त्याला सरासरी आणि हातात आलेले पीक यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. त्या निकालाचा एवढाच अर्धा भाग जाहिरातवाल्यांनी देशभर वाजवला. त्याच निकालात हेही म्हटले होते की क्लबचा मालक खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे न्यायालयाने नाल पाहिली होती. जाहिरातीत ती दिसली नाही.

शून्यातून दहा हजार

पोरांना दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, २००३ साली अमेरिकेतला एक हिशोबनीस, ख्रिस मनीमेकर, शंभर डॉलरच्या आतल्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन आला. खरे आहे. त्या वर्षी त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६ आले आणि २००६ साली ८,७७३. एकाची गोष्ट ऐकून हजारो आले. त्या हजारोंची गोष्ट कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त चतुर आहे. ख्रिस फर्ग्युसन नावाच्या नामांकित खेळाडूने २००६ साली शून्यापासून सुरुवात केली. फुकटच्या स्पर्धांतून काही सेंट मिळवले, जवळच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त कधी लावायचे नाही हा नियम पाळला आणि सुमारे दीड वर्षात दहा हजार डॉलर केले. आमच्या गोरेगावच्या पोराचा नियम याच गोष्टीतून आलेला. मात्र गोष्टीचा पुढचा भाग त्याला कोणी सांगितला नव्हता. फर्ग्युसन ज्या 'फुल टिल्ट' कंपनीच्या फडावर खेळला, तिचा तो स्वतः एक संचालक होता. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने त्या कंपनीवर कारवाई केली. सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवला की खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असताना बँकेत ६ कोटीच होते आणि मधल्या काळात मालक-संचालकांनी कोट्यवधी डॉलर वाटून घेतले. अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळू लागायला २०१४ साल उजाडले.

याचा अर्थ एवढाच की ओसरीवालाच शिकवणी घेत होता. कृषी केंद्रवाल्याने फवारणीचा सल्ला द्यावा, त्यातला हा प्रकार आहे.

आपल्या कापसावरचा आकडा

जुगाराचा आणि आपला संबंध नवा नाही. मुंबईचा मटका कापसातून निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. म्हणून तो 'आकडा'. १९६० नंतर न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. कापूस पिकवणाऱ्याला ज्या भावाचा पत्ता नव्हता, त्या भावाच्या आकड्यावर गिरणगावात चार आणे-आठ आणे लागत होते. कापूस आपला, आकडा त्यांचा आणि नाल तिसऱ्याची.

एकाच आठवड्यात

आता सरकारकडे वळू. १ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्र सरकारने ऑनलाइन खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापायचे सुरू झालेच होते. म्हणजे टाकताना सरकारची नाल, खेळताना कंपनीची नाल, काढताना पुन्हा सरकारची नाल. त्या काळात हा खेळ वाईट आहे असे सरकारला वाटले नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेच्या सभागृहात मोबाईलवर रमी चालू असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. लातूरला कार्यकर्त्यांनी सत्ताधारी पक्षाच्या पत्रकार परिषदेत टेबलावर पत्ते उधळले आणि मार खाल्ला. महिना संपता संपता कोकाटे यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते दिले. यावर विनोद करायची गरज नाही. सरकारनेच तो केला.

मग ऑगस्ट आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कारण दिले ते तरुणांच्या आणि कुटुंबांच्या बरबादीचे.

त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती, बियाणे-खताचे पैसे जमिनीत गेले होते आणि वेचणीला दोन महिने होते. जूनमध्ये पेरताना आपल्यापुढे एक खेळ मांडला होता. ऑगस्टमध्ये पत्ते वाटून झाल्यावर ओसरीवाल्याने नियम बदलले. मोबाईलच्या फडावरसुद्धा असे चालत नाही. तिथे निदान डाव संपेपर्यंत नियम तेच राहतात.

पोरांना जुगारापासून वाचवणारे सरकार आणि बापाला जुगारात ढकलणारे सरकार, ही दोन सरकारे नव्हेत.

बँकरोल आणि बळीराजा

गोरेगावच्या पोराचा नियम पुन्हा पाहा. जवळच्या रकमेचा पन्नासावा हिस्सा एका डावाला. आता सांगा, कोरडवाहू शेतकरी जूनमध्ये किती लावतो? सगळे. शिवाय सोसायटीचे, सावकाराचे आणि बायकोच्या गळ्यातले. रोहिण्या-मृगाचा अंदाज घेऊन एका पेरणीवर सगळे भांडवल लावायचे आणि पंधरा दिवसांच्या उघडिपीने ते मोडले तर दुबार पेरणीला पुन्हा तेवढेच उभे करायचे. पत्त्यांतला कोणी शहाणा हा डाव खेळणार नाही. आम्ही पदवी घेऊन गावात आलो तेव्हा आम्हीही सांगत होतो, सुधारित वाण घ्या, माती परीक्षण करा. ते खोटे नव्हते. पण शंभरातले कौशल्य वाढवून उपयोग काय, जर नाल शंभराहून मोठी असेल?

आणि पोराचा नियम मोडला कुठे? पत्त्यांवर नाही मोडला. रोवणीच्या मजुरीवर मोडला आणि फवारणीवर मोडला. भांडवल वाढवायचा खेळ त्यालाच जमतो, ज्याला ते भांडवल उद्या सकाळी घरात लागणार नसते. आपल्या घरातला प्रत्येक रुपया सकाळी लागतो. म्हणून शेतकऱ्याच्या पोराची बँकरोल कधी बँकरोल होतच नाही. ती उधारी फेडायच्या आधीची एक रात्र असते.

कोणी विचारेल, तुम्ही तर खुल्या बाजाराचे, मग जुगारबंदीला तुमचा विरोध का नाही? आमचे उत्तर सरळ आहे. बंदी आली म्हणून आम्ही पेढे वाटले नाहीत. मोठ्या माणसाचे मायबाप व्हायला सरकारला कोणी सांगितलेले नाही. पण पत्त्यांच्या फडाला बाजार म्हणणे आम्हाला मान्य नाही. ज्वारीच्या एका दाण्याचे कणीस होते, सरकीच्या एका बीचे झाड बोंडांनी लवते. तिथे काही नवे निर्माण होते, म्हणून विकणारा आणि घेणारा दोघेही सुखी होऊ शकतात. फडावर शंभर रुपयांचे नव्वद होतात, आणि तेही दुसऱ्याच्या बापाच्या चुकाऱ्यातले.

जो खरा बाजार जोखीम दुसऱ्याकडे सोपवायला उपयोगी पडतो, तो मात्र आपल्याला बंद केला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने धान, गहू, हरभरा, सोयाबीन यांसह सात शेतीमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत वेळोवेळी वाढवली. पेरणीच्या वेळी काढणीचा भाव दिसावा, हा साधा हक्क सट्टा म्हणून नाकारला. त्याच वर्षांत क्रिकेटच्या प्रत्येक षटकामागे पैसे लावायच्या खेळाची जाहिरात घरोघर दिसत होती.

पोराला काय सांगितले

पोराचा खरा प्रश्न शेवटच्या पानावर होता. देशातले फड बंद झाल्यावर मोबाईलवरच्या एका ग्रुपमधून एजंट त्याला भेटला. बाहेरच्या देशातली साईट, पैसे कोणाच्या तरी खात्यावर टाकायचे, चिप्स लगेच मिळतात. शिवाय स्वतःचे बँक खाते वापरायला दिले तर महिन्याचे भाडे वेगळे. "खेळू काय भाऊ?"

आम्ही म्हटले, एकही रुपया टाकू नको आणि खाते तर मुळीच देऊ नको. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार केली, तेव्हा पोलीस छापा घालायला कुठे गेले? तुझ्याच गोंदियात. घरातून कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी निघाली. असे पैसे असणाऱ्या माणसालाही जिथे पोलिसांकडे धावावे लागले, तिथे तुझे १,१५० रुपये बुडाले तर तू कोणाकडे जाणार? आणि भाड्याने दिलेल्या खात्यातून कोणाच्या चोरीचे पैसे फिरले, तर पोलीस एजंटला शोधणार नाहीत, खातेदाराच्या दारात येतील. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची, लाजायचे नाही.

ती वही मात्र आम्ही त्याला फाडू दिली नाही. त्याच रकान्यांत त्याने बापाच्या चार एकरांचा हिशोब मांडावा असे ठरले. बियाणे, खत, मजुरी, घरच्या माणसांचे दिवस, विकताना काटा आणि हमाली, चुकारा किती दिवसांनी आला, त्यातले व्याज किती गेले. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, यात तर नालच नाल आहे."

भावांनो, जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने अशी एक वही आणावी. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०, संकरित ज्वारीचा ३,६९९. तुमच्या हातात प्रत्यक्ष किती पडले आणि मधले कोणी नेले, ते तारखेसह लिहा. त्या वह्यांवरून तीन ठराव मांडायचे आहेत. कापसाचे आयात धोरण पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये. वेचणी सुरू होताच सीसीआयची केंद्रे उघडावीत आणि ओलाव्याच्या नावाखालची अडवणूक थांबावी. शेतीमालाच्या वायद्यांवरची बंदी पुन्हा कधीही लादली जाऊ नये.

वह्या लिहायला घरातली मोबाईलवाली पोरे बसवा. हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो.